बटण कुणाच्या हातात?

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा येथे बचतगटांच्या मैत्रिणी आणि कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावून हसल्या, ते मी पाहिलं. दारूबंदी, रोजगार हमी, रेशन, टाकलेल्या बायांची पोटगी हे सगळं सोडून ही बाई व्हिडिओ गेमवर निघालेल्या सिनेमांबद्दल काय सांगणार? तेही वावरातली कामं मागे ठेवून आलेल्या बायांना? म्हणून आधी हे सांगते की हा विषय मी का घेतला.

कुठल्याही गावात बैठक घ्या, चहाच्या वेळी एक तक्रार हमखास निघते. ‘ताई, पोरगं फोन सोडत नाही. जेवताना फोन, झोपताना फोन. त्यातच खेळ, त्यातच पिक्चर.’ मी विचारते, ‘आणि पोरगी?’ उत्तर येतं, ‘तिच्या हातात नाही देत आम्ही. ती बसते भावाच्या मागे, बघत.’ भाऊ खेळतो आणि बहीण बघते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

खेळ आणि सिनेमा यांत मोठा फरक आहे. सिनेमात पडद्यावरचा माणूस आपल्या मर्जीनं चालत नाही, आपण फक्त बघतो. व्हिडिओ गेममध्ये पडद्यावरच्या माणसाला आपण चालवतो. बटण दाबलं की तो उडी मारतो, चुकलं की मरतो, पुन्हा उठतो. म्हणजे खेळणारा थोडा वेळ त्या माणसाच्या अंगात शिरतो. आता असं बघा, एखाद्या खेळातली बाई सिनेमात आली तर तिचं काय होतं? कालपर्यंत कुणीतरी तिच्या अंगात शिरून लढत होतं. आता सगळे तिच्याकडे बघत बसतात. या बदलात बाईच्या हाती काय लागतं आणि तिच्या हातून काय जातं, ते आपण तपासू.

हे तपासण्याची परंपरा आपल्याच जिल्ह्यातली आहे, हे विसरू नका. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला १८८१ साली बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बाईजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाई संतापल्या आणि १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. त्यात त्या फक्त शास्त्रांवर आणि रूढींवर बोलून थांबल्या नाहीत. त्या काळच्या नाटकांत आणि कादंबऱ्यांत बाया कशा रंगवतात, याचाही त्यांनी खरपूस समाचार घेतला. करमणूक म्हणून जे समोर येतं त्यात आपल्याविषयी काय लिहिलंय, हे बुलढाण्याच्या एका बाईनं एवढ्या वर्षांपूर्वी विचारलं होतं. आपण तोच प्रश्न आजच्या करमणुकीला विचारतोय.

सुरुवात मारिओपासून करू. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा खेळ शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आला. त्यातला मिशीवाला, टोपीवाला मारिओ तुमच्यातल्या काहीजणींच्या भावांनी खेळला असेल. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा हा खेळ. १९८१ साली ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा आला. एक माकड त्याच्या मैत्रिणीला पळवून वर नेऊन बसवतं आणि त्यानं शिड्या चढत तिला सोडवायचं. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मैत्रिणीच्या जागी राजकन्या आली, माकडाच्या जागी राक्षस आला. एक किल्ला जिंकला की कळतं, राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. पुढे चला! ती राजकन्या म्हणजे खेळाच्या शेवटी ठेवलेलं बक्षीस. आपल्याकडे सीताहरणाची गोष्ट घराघरांत आहे, तेव्हा हा साचा आपल्याला नवा नाही. पण सीतेला निदान बोलायला तोंड आहे, रावणाला सुनावण्याची धमक आहे. या राजकन्येला तेही नव्हतं.

१९९३ साली या खेळावर हॉलिवुडनं चित्रपट काढला. व्हिडिओ गेमवरून तिथे निघालेला हा पहिला मोठा चित्रपट. दिग्दर्शक दोघं होते, रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकेल. म्हणजे दिग्दर्शनात बाई होती. नायिका शिकलेली, डायनासोरची हाडं उकरून अभ्यास करणारी. तरीही गोष्टीत तिला पळवून न्यावंच लागलं. एखाद्या खुर्चीत बाई बसली म्हणून साचा आपोआप मोडत नाही, हे आपण पंचायतीत पाहतो तसंच ते इथेही दिसतं.

२००५ साली त्याच कंपनीनं राजकन्येचा स्वतंत्र खेळ काढला. या वेळी मारिओला पळवलं होतं आणि ती त्याला सोडवायला निघाली. ऐकून बरं वाटलं ना? आता तिची हत्यारं ऐका. आनंद, राग, दुःख आणि शांतता. ती रडायला लागली की आसवांचे पाट वाहतात, चिडली की अंगातून आग निघते. मारिओ उडी मारून जिंकतो आणि राजकन्या रडून जिंकते! ‘बायकांचं हत्यार म्हणजे डोळ्यांतलं पाणी’ ही आपल्याकडची म्हण वाटावी अशी समजूत त्यांनी थेट बटणावर आणून बसवली.

पुढे २०२३ साली मारिओवर पुन्हा चित्रपट आला, या वेळी चित्रांचा. त्यानं जगभरात सव्वाशे कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. यात राक्षसानं पळवलंय मारिओच्या भावाला. राजकन्या राज्य चालवते, सैन्य मिळवायला स्वतः निघते आणि नवख्या मारिओला तीच शिकवते. लग्नासाठी मागे लागलेल्या राक्षसाला ती दाद देत नाही. एवढ्या वर्षांत हा फरक का पडला? मध्यंतरी बायांनी प्रश्न विचारले म्हणून. लहानपणी भावाच्या मागे बसून बघणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, स्वतः खेळू लागल्या, लिहू लागल्या. तिकीट काढणाऱ्यांत त्याही आहेत, हे धंदेवाल्यांना कळलं. कंपन्यांना एकदम स्त्रीमुक्तीचा साक्षात्कार झाला, असं समजून हुरळून जाण्याचं कारण नाही.

दुसरं उदाहरण मारामारीच्या खेळाचं. १९९२ साली ‘मॉर्टल काँबॅट’ आला. त्यात खेळणाऱ्यानं निवडायचे सात लढवय्ये होते, सहा पुरुष आणि सोन्या नावाची एक बाई. सातांत एक, हे प्रमाण तुमच्या ओळखीचं आहे. आरक्षण येण्याआधी पंचायतीत असायचं, तसंच. पण सोन्याला निवडलं आणि बटणं नीट दाबली तर ती सहाही पुरुषांना लोळवू शकत होती. खेळात तिची ताकद कुणापेक्षा कमी नव्हती. १९९५ साली यावर चित्रपट निघाला. तीच सोन्या, लष्करातली अधिकारी, एक लढाई जिंकते आणि शेवटाकडे खलनायक तिला उचलून नेतो. तिचा लढाईचा वेश जातो, ती नटवून, बांधून ठेवलेली दिसते आणि पुरुष सोडवायला येतात. खेळात स्वतः जिंकणारी सोन्या सिनेमात शेवटी राजकन्या झाली.

आपल्याकडच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत त्याच सुमाराला एक खेळ फार चालायचा. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, पण पोरं त्याला ‘मुस्तफा’ म्हणायची. त्यात निवडायला चौघं होती आणि त्यांतला मुस्तफा सगळ्यांचा लाडका. चौघांत एक बाईही होती, हॅना नावाची. त्या काळी हा खेळ खेळलेल्या कुठल्याही माणसाला हॅनाचं नाव विचारून बघा. मुळात त्या दुकानात मुली होत्या कुठे? तिथे रुपयाचं नाणं घेऊन उभं राहणं हा मुलांचाच हक्क होता. हॅनाला निवडणारं कुणी तिथे पोचलंच नाही.

आता लारा क्रॉफ्ट. नाव नसेल ऐकलं, पण हिंदीत डब झालेल्या सिनेमांतून चेहरा कदाचित पाहिला असेल. ‘टूम रेडर’ हा इंग्लंडमध्ये बनलेला खेळ १९९६ साली आला आणि जगभर गाजला. जुनी थडगी आणि देवळं धुंडाळणारी, एकटी हिंडणारी बाई या खेळाची नायिका होती. त्या पहिल्या खेळासोबत तिची जी माहिती दिली होती, ती मोठी छान आहे. लारा श्रीमंत घरातली. हिमालयात विमान पडतं, त्यातून ती वाचते. परत गेल्यावर त्या बड्या लोकांच्या चौकटीत तिचा जीव गुदमरतो आणि ती आपल्या मनानं एकटी फिरू लागते. तिच्या फिरण्याला बाप, भाऊ, नवरा, असं कुणाचंच कारण लागत नाही.

त्याच वेळी तिचं शरीर कसं बनवलं होतं तेही सांगायला हवं. अतोनात मोठी छाती, चिमूटभर कंबर, तोकडी चड्डी. जाहिरातींत तेच विकलं गेलं. हजारो मुलं तिच्या अंगात शिरून लढली, हेही खरं. तिला वस्तू म्हणून विकलं, हेही खरं. ही दोन्ही सत्यं एकत्र धरावी लागतील. एकच धरलं तर आपलं बोलणं नुसतं सोवळं होईल नाहीतर नुसतं भाबडं.

२००१ साली अँजेलिना जोलीला घेऊन चित्रपट आला. त्यानं २७ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. खेळात आपण लाराच्या पाठीमागून चालतो, ती बघते ते आपण बघतो. सिनेमात कॅमेरा वळून तिच्या समोर आला आणि सुरुवातीलाच तिला न्हाणीघरात घेऊन गेला. आणखी एक गोष्ट झाली. सिनेमातली लारा बापासाठी झुरणारी लेक झाली. बापाचं पत्र, बापाचं अपुरं काम, बापाची आठवण. २०१८ साली अलिसिया विकान्डरला घेऊन नवा चित्रपट आला, त्यातही ती हरवलेल्या बापाला शोधायलाच निघते. पुढच्या काही खेळांनीही हा बाप उचलला. बाई स्वतःच्या हौसेनं घराबाहेर पडली, हे सिनेमावाल्यांना पटवून देता येईना. मग कुणा पुरुषासाठी पडली, असं दाखवावं लागलं. आपण संघटनेच्या कामाला निघालो की शेजारीण विचारते, ‘मालकानं धाडलं का?’ तोच हा प्रश्न.

तरी २०१८च्या चित्रपटात फरक होता. ही लारा सायकलवरून पार्सलं पोचवून पोट भरते, अंगभर आणि कामाचे कपडे घालते, मार खाते, दमते. हा चित्रपट २०१३च्या ज्या खेळावर बेतला, त्याची मुख्य लेखिका रिआना प्रॅचेट ही बाई होती आणि चित्रपटाच्या पटकथाकारांतही एक बाई होती. मघाशी मी म्हटलं की खुर्चीत बाई बसली म्हणून साचा आपोआप मोडत नाही. पण बाई लिहायला बसली की मोडण्याची शक्यता तरी तयार होते.

आता अशी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. खेळातली बाई कितीदाही पडली तरी तिला लागत नाही. तोच खेळ सिनेमा झाला की कुणाला तरी खरंच पडावं लागतं. ‘रेसिडेंट इव्हिल’ या खेळावर २००२ ते २०१६ या काळात सहा चित्रपट निघाले. सगळ्यांत नायिका बाई, शूर, सगळ्यांना पुरून उरणारी. सहाव्या चित्रपटाचं काम २०१५ साली दक्षिण आफ्रिकेत चालू होतं. नायिकेच्या जागी भरधाव मोटरसायकल चालवत होती ऑलिव्हिया जॅक्सन. समोरून येणाऱ्या गाडीवर लांब दांड्याला कॅमेरा होता. तो वेळेवर वर उचलला गेला नाही आणि ती त्यावर आदळली. तिचा डावा हात कापावा लागला. न्यायासाठी तिला कोर्टात जावं लागलं आणि २०२० साली तिथल्या न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. पडद्यावर बाईची शक्ती दाखवणाऱ्या चित्रपटासाठी एका बाईचा खराखुरा हात गेला.

हे दूरदेशीचं म्हणून सोडू नका. ‘शोले’ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. १९७५चा. बसंतीचा टांगा उधळतो, त्या प्रसंगात हेमामालिनीच्या जागी मुंबईच्या रेश्मा पठाण होत्या. १९६८ साली स्टंट कलाकारांच्या संघटनेचं कार्ड मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्या टांग्याच्या प्रसंगात त्या जखमी झाल्या होत्या. बसंती सगळ्यांना ठाऊक आहे, रेश्मा पठाण किती जणींना ठाऊक आहेत? नायिका शूर दाखवली म्हणून टाळ्या वाजवताना तिच्या जागी कोण पडलं, तिला मजुरी काय मिळाली, विमा होता का, हेही आपण विचारलं पाहिजे. शेतमजूर बाईची मजुरी विचारणाऱ्या आपण, एवढं तर विचारूच शकतो.

आपल्या हिंदीत खेळावरून चित्रपट म्हणाल तर २०११चा ‘रा.वन’ आठवतो. तो कुठल्या बाजारातल्या खेळावर बेतलेला नव्हता, पण गोष्ट व्हिडिओ गेमचीच. बाप मुलासाठी खेळ बनवतो आणि खेळातला खलनायक खऱ्या जगात येतो. त्यातली आई, सोनिया, शिव्यांचा अभ्यास करते. सगळ्या शिव्या आईबहिणीवरून का, हा तिचा प्रश्न. केवढा मोलाचा प्रश्न! पण चित्रपटानं तो चार विनोदांत उडवला आणि मग बाप, मुलगा आणि यंत्रमानव यांच्या मारामारीत सोनिया मागे पडली. आज पोरं फोनवर एकमेकांशी बोलत बोलत लढाईचे खेळ खेळतात. जरा कान देऊन ऐका. सोनियाचा प्रश्न तिथे जिवंत आहे.

दिलासा वाटावा असंही आपल्याकडे आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीनं २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ आणला. शृती घोष ही तरुणी या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. राजी ही कसरतीचे खेळ करणारी गरीब मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. म्हणजे खेळणारा मुलगा असो की मुलगी, त्यानं राजीच व्हायचं. कलकत्त्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ साली ‘मिसिंग’ नावाचा फोनवरचा खेळ काढला. त्यात खेळणारा शिरतो तो पळवून, विकून वेश्यावस्तीत आणलेल्या मुलीच्या अंगात. तिथून सुटण्याची वाट किती अवघड आहे ते त्याला स्वतः अनुभवावं लागतं. मारिओच्या खेळात पळवलेली मुलगी पडद्याबाहेर गप्प बसलेली होती. इथे गोष्टच तिच्या बाजूनं सुरू होते. उद्या कुणी राजीवर चित्रपट काढला, तर त्यात तिला सोडवायला एखादा राजपुत्र धाडला जात नाही ना, यावर नजर आपणच ठेवायची.

हे बोलणाऱ्या बाईला काय भोगावं लागतं, तेही सांगते. अमेरिकेत अनिता सार्कीसियन या बाईनं २०१३ पासून खेळांतल्या बायांच्या चित्रणावर व्हिडिओंची मालिका केली. तिचा पहिलाच विषय संकटातली राजकन्या होता. तिला बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या आल्या. २०१४ साली युटा राज्यातल्या एका विद्यापीठात तिचं भाषण होतं. भाषण झालं तर गोळीबार करू, अशी धमकी आली. तिथल्या कायद्यानं सभेत बंदूक आणणाऱ्याला अडवता येत नव्हतं, म्हणून तिनं भाषण रद्द केलं. आमच्या ताराबाईंवरही टीकेची झोड उठली होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं पुढचं पुस्तक काही आलं नाही. गोष्टी सांगण्याचा हक्क बायांना सुखासुखी मिळत नाही.

आता पुन्हा आपल्या घरात येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली. कधी ना कधी इंटरनेट वापरलं आहे, असं सांगणाऱ्या बाया देशात शंभरात ३३ होत्या आणि पुरुष ५७. महाराष्ट्रात बाया ३८ आणि पुरुष ६१. आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना मोबाईल बंदीचा ठराव केला. मुलांच्या खेळाच्या वेडापायी गाव किती हैराण झालं असेल ते मला कळतं. ठरावाच्या कागदावर मुलगा-मुलगी सारखे असतात. पण असा ठराव कुठल्याही गावात झाला की घरात त्याची अंमलबजावणी कुणावर होते? मुलगा पारावर जाऊन मित्राच्या फोनवर खेळतो. मुलीचा फोन मात्र खरंच कपाटात जातो, त्याबरोबर तिचा अभ्यास जातो, शिष्यवृत्तीचा अर्ज जातो आणि संकटात कुणाला हाक मारायची सोयही जाते.

तुमची भीती मला माहीत आहे. फोटोचा गैरवापर होईल, कुणी नादी लावेल. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय मुलीला आंधळं ठेवणं हा नाही. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक तिला पाठ हवा. ‘माझ्या हातून काही झालं तरी आईला सांगता येईल’ एवढा विश्वास तिला हवा.

शेवटी कामाचं बोलते. तीन कामं आहेत.

पहिलं, घरातला फोन पाळीनं. भावाला अर्धा तास तर बहिणीलाही अर्धा तास. तिनं खेळ खेळला तरी चालेल. खेळणं हा वाया घालवलेला वेळ असेल तर तो दोघांचा सारखा जाऊ दे.

दुसरं, आपल्या कायद्यानं ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. मोबाईलबद्दल गावात ठराव यायचा असेल तर तो आधी महिला सभेत आणा. मुलींच्या अभ्यासाची सोय काय, हे लिहून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका, सही करू नका.

तिसरं, महिन्यातून एकदा बचतगटाच्या बैठकीनंतर मुलामुलींना घेऊन एखादा असा चित्रपट बघा आणि चार प्रश्न विचारा. पळवलं कुणाला? सोडवलं कुणी? कॅमेरा बाईच्या डोळ्यांतून बघतो की बाईच्या अंगावर फिरतो? ती बाई घराबाहेर पडली ती कुणाच्या कारणानं? मुलं काय उत्तरं देतात ती वहीत टिपून ठेवा. आमच्या मासिकाला, म्हणजे या त्रैमासिकाला, ती पाठवा. आपण छापू.

आणि पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गल्लीतला एक आकडा मोजून आणा. किती घरांत मुलाच्या हातात फोन आहे आणि किती घरांत मुलीच्या. सरकारी आकडे आपण ऐकले. अमडापूरचा आकडा आपणच काढायचा आहे.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. आता तुमचं बोलणं ऐकायला मी बसते.